‘चालत नाही’ एवढ्याच रिपोर्टचं काय करायचं?

सबटायटलची वेळ जुळवायचं एक छोटं ओपन सोर्स सॉफ्टवेअर मी बरीच वर्षं वापरत होतो. पुढे त्यात एखादा पॅच, म्हणजे कोडमधला छोटा बदल, पाठवला, मग अधूनमधून पाठवत राहिलो. एकदा प्रकल्प सांभाळणाऱ्या मुख्य मेंटेनरने विचारलं, “कोड राहू दे, बग रिपोर्ट बघशील का? कोड लिहायला लोक मिळतात, रिपोर्ट वाचायला कोणी मिळत नाही.” मला वाटलं, वाचायचंच तर आहे. हो म्हटलं.

इश्यूंची, म्हणजे आलेल्या नोंदींची, यादी उघडली तर तिच्यात सगळी खिचडी. खरे बग होतेच. पण “असं असतं तर बरं झालं असतं” अशा मागण्याही बगच्या वेषात येऊन बसल्या होत्या. फॉन्ट कसा बदलायचा, असले प्रश्न होते. व्हिडिओ ड्रायव्हरचे दोष आमच्या नावावर जमा होते. केव्हाच दुरुस्त झालेल्या गोष्टी नव्याने नोंदवलेल्या होत्या. आणि जगातल्या प्रत्येक प्रकल्पात सापडणारा तो नमुनाही होता: शीर्षक ‘चालत नाही’, खाली मजकूर कोरा.

या ढिगाची वर्गवारी करणं म्हणजे ट्रायेज. हा बग, ही मागणी, हा डुप्लिकेट, असं लेबल लावणं त्यातलं सोपं काम; ते आठवड्याभरात हातात बसतं. अवघड काम वेगळंच आहे. रिपोर्ट लिहिणाऱ्याने जे पाहिलं आणि त्यावरून जे ताडलं, ते दोन्ही एकमेकांत कालवून आपल्यापुढे येतं. ताडलेलं शीर्षकात, ठळक. पाहिलेलं कुठेतरी तिसऱ्या ओळीत, नाहीतर नसतंच.

एकाने लिहिलं होतं, “मेमरी लीक आहे, ताबडतोब सोडवा.” मेमरी लीक, म्हणजे प्रोग्रामने घेतलेली मेमरी परत न देणं, हे निदान झालं. तुम्हाला नेमकं काय दिसलं, असं विचारल्यावर कळलं की मोठा व्हिडिओ उघडला की मशीन मिनिटभर जड होतं आणि मग पूर्ववत होतं. लीक असता तर पूर्ववत झालं नसतं. आमचा प्रोग्राम फाइल उघडली की आवाजाचा आलेख काढायला अख्खा ऑडिओ ट्रॅक वाचतो, आणि तेवढा वेळ मशीनला घाम फुटतो. निदान चुकीचं होतं, त्रास मात्र खरा होता. ‘लीक नाही’ म्हणून मी तो रिपोर्ट बंद केला असता तर नियमाला धरून झालं असतं आणि त्या माणसाला काडीचा उपयोग झाला नसता. शीर्षक बदललं, ‘मोठी फाइल उघडताना मशीन अडतं’ असं केलं, आणि आलेख काढायचं काम मागे हळूहळू करायचा बदल एकाने त्याच शीर्षकाखाली केला.

उलटंही होतं. निदान नसतंच, नुसतं पाहिलेलं असतं, आणि ते इतकं चमत्कारिक असतं की वाचणारा हसून सोडून देतो. उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या बग नोंदींतलं एक प्रकरण या धंद्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. ओपनऑफिसमधून मंगळवारी प्रिंट निघत नाही, अशी एका वापरकर्त्याच्या बायकोची तक्रार होती. ऐकायला थट्टाच वाटते. शोध घेतल्यावर निघालं ते असं: प्रिंटरकडे जाणाऱ्या फाइलमध्ये तारीख लिहिलेली असते, तिच्यात वाराचं इंग्रजी संक्षिप्त रूप असतं, आणि फाइलचा प्रकार ओळखणाऱ्या एका छोट्या प्रोग्रामच्या नियमांत गफलत होती. मंगळवारची तीन अक्षरं विशिष्ट जागी दिसली की तो त्या फाइलला अर्लांग या प्रोग्रामिंग भाषेची फाइल ठरवायचा. मग प्रिंट कुठून निघणार? त्या बाईंनी कारण काही सांगितलं नव्हतं. वार सांगितला होता, आणि कामाला तोच आला.

आमच्या प्रकल्पातल्या ज्या बगने मला हे काम शिकवलं, तो थोडा सविस्तर सांगतो.

रिपोर्ट होता, “जुन्या आवृत्तीच्या फाइल नीट वाचल्या जात नाहीत.” खाली लिहिलेलं: मित्राने पाठवलेली प्रोजेक्ट फाइल उघडली की सबटायटल बोलण्याच्या आधीच येतात. मी स्वतः बनवलेली फाइल व्यवस्थित चालते. म्हणजे मित्राकडे जुनी आवृत्ती असणार.

तर्क पटण्याजोगा होता. मित्राची आवृत्ती विचारली, तर ती हीच. फाइल मागवली. माझ्याकडे उघडली, एकही ओळ हललेली नव्हती. आता इथे ‘माझ्याकडे तर चालतंय’ असं लिहून मोकळं होण्याचा मोह फार असतो. मोझिलासाठी 1998 मध्ये निघालेल्या बगझिला या बग नोंदवायच्या प्रोग्राममध्ये तर रिपोर्ट बंद करण्याच्या ठरावीक कारणांत हेही एक कारण होतं, इतकी ही गोष्ट जुनी आहे. मी वेगळा प्रश्न विचारला: सबटायटल किती आधी येतात, आणि सगळीच येतात का?

उत्तर आलं, “कधी किंचित आधी, कधी जवळजवळ सेकंदभर. काही ओळी मात्र अगदी बरोबर. उशिरा कधीच येत नाहीत.” सोबत न मागता एक स्क्रीनशॉट.

हे उत्तर वाचताना माझे डोळे चमकले. कधीच उशीर नाही, आणि सेकंदापेक्षा जास्त फरकही कधी नाही. कुठेतरी दशांश चिन्हानंतरचे आकडे गळून पडत होते. ज्या ओळी ‘अगदी बरोबर’ होत्या, त्या फाइलमध्ये शोधल्या: सगळ्यांच्या वेळा पूर्ण सेकंदांत. बाकीच्यांत 83.75 असं काहीतरी. आणि स्क्रीनशॉटमध्ये वेळेच्या चौकटीत दिसत होतं 83,00. टिंबाच्या जागी स्वल्पविराम.

त्याचं मशीन जर्मन भाषेत होतं. जर्मनीत आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत दशांशाला स्वल्पविराम लिहितात. आमचा प्रोग्राम फाइलमधला मजकूर आकड्यात बदलायला सी भाषेतलं जुनं फंक्शन वापरत होता, आणि ते फंक्शन चालू लोकेल, म्हणजे मशीनवर निवडलेली भाषा-देशाची पद्धत, पाहून ठरवतं की दशांश चिन्ह कोणतं. जर्मन लोकेलमध्ये 83.75 वाचताना ते टिंबापाशी थांबतं आणि मुकाट 83 परत देतं. चूक झाली असं सांगत नाही, कारण त्याच्या मते चूक झालेलीच नसते. स्वतःची फाइल लिहिताना प्रोग्राम 83,75 लिहायचा आणि वाचताना तेच वाचायचा, म्हणून त्याच्या फाइल त्याच्याकडे ठीक. जेव्हा फाइल या लोकेलमधून त्या लोकेलमध्ये जाते तेव्हाच घोळ. म्हणजे त्याने पाठवलेल्या फाइल मित्राकडेही बिघडत असणार. मित्राने ते कधी कळवलं नव्हतं, एवढंच.

टर्मिनलवर लोकेल जर्मन करून प्रोग्राम चालवला, पहिल्याच फटक्यात बग समोर. बग हातात येणं म्हणतात ते हे. ज्याला हवा तेव्हा घडवता येतो, तो बग निम्मा सुटलेला असतो.

पण आमच्या चाचण्यांनी हा कधीच कसा पकडला नाही? तेही मजेशीर निघालं. सी भाषेतला प्रोग्राम सुरू होतो तेव्हा तो त्याच्या मूळ लोकेलमध्ये असतो, तिथे दशांश चिन्ह टिंबच. आमचा इंटरफेस क्यूटी या खिडक्या-बटणं बनवायच्या तयार लायब्ररीवर बांधलेला आहे, आणि क्यूटी लिनक्सवर सुरू होताना सिस्टीमचं लोकेल उचलतं. फाइल वाचायच्या चाचण्या खिडकी न उघडता, क्यूटी सुरू न करता चालायच्या. जर्मन मशीनवर चालवल्या असत्या तरी त्या हिरव्याच राहिल्या असत्या.

दुरुस्ती काही ओळींची होती: लोकेलकडे न बघणारं फंक्शन वापरायचं. सी++ मध्ये 2017 च्या मानकापासून असं फंक्शन आहे. वेळ गेला तो त्यानंतरच्या वादात. स्वल्पविराम घालून आधीच लिहिल्या गेलेल्या फाइलींचं काय? त्या लोकांच्या डिस्कवर आहेत, त्या परत बोलावता येत नाहीत. शेवटी असं ठरलं की वाचताना दोन्ही चिन्हं चालवून घ्यायची, लिहिताना फक्त टिंब. आणि एक चाचणी मुद्दाम स्वल्पविरामवाल्या लोकेलमध्ये चालवायची.

या प्रकरणानंतर मदत मेन्यूत आम्ही एक बटण बसवलं. ते दाबलं की आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टीम, क्यूटीची आवृत्ती आणि लोकेल एका झटक्यात क्लिपबोर्डवर जातं, रिपोर्टमध्ये पेस्ट करायचं. माझ्या मते रिपोर्ट सुधारण्यासाठी आम्ही केलेल्या सगळ्या खटपटींत हीच सगळ्यात कामाची. ‘लोकेल काय आहे?’ असं विचारलं असतं तर अर्ध्या लोकांना प्रश्नच कळला नसता, आणि का कळावा?

टेम्प्लेटबद्दल, म्हणजे रिपोर्ट लिहायच्या तयार नमुन्याबद्दल, माझं मत बदलत गेलं आहे. 2016 च्या जानेवारीत बऱ्याच लोकप्रिय प्रकल्पांच्या मेंटेनरांनी गिटहब या कोड ठेवायच्या साइटला एक खुलं पत्र लिहिलं होतं. रिपोर्टमध्ये आवश्यक माहिती येत नाही आणि ‘मलाही’, ‘मलाही’ अशा प्रतिक्रियांनी जीव नकोसा होतो, अशी त्यांची तक्रार. त्यानंतर त्याच वर्षी इश्यू टेम्प्लेट आले आणि अंगठ्याच्या प्रतिक्रियाही आल्या. आमच्या प्रकल्पाने उत्साहाच्या भरात भलंमोठं टेम्प्लेट केलं होतं, जवळजवळ प्रवेश अर्जच. लोक काय करायचे? प्रत्येक रकान्यात एक आडवी रेघ. ज्याला बग कळवायचा होता तो कंटाळून निघून जायचा, आणि ज्याला भांडायचं होतं तो निष्ठेने सगळं भरायचा. आम्ही ते छाटलं. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि त्या बटणाचा मजकूर. ‘कारण काय असावं’ हा रकाना मी हट्टाने काढायला लावला. ज्याला सांगायचं तो तसंही सांगतोच.

डुप्लिकेटमध्ये जपून वागावं लागतं. दोन रिपोर्ट सारखे दिसतात म्हणून एकात मिसळावेत, तर कळतं की ‘सेव्ह करताना क्रॅश’ या एकाच वाक्याखाली दोन वेगळी दुखणी आहेत. एकाची डिस्क भरलेली, दुसऱ्याच्या फाइलच्या नावात अडचण. क्रॅशच्या वेळचा स्टॅक ट्रेस, म्हणजे तेव्हा कोणती फंक्शनं चालू होती त्याची यादी, जुळत असेल तरच मी डुप्लिकेट म्हणतो. नसेल तर फक्त ‘याच्याशी संबंधित दिसतं’ असा दुवा जोडून ठेवतो.

रिग्रेशन असेल, म्हणजे आधी चालत होतं आणि आता मोडलं, तर काम त्या मानाने यांत्रिक. कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमधलं बायसेक्ट दर वेळी मधला कमिट, म्हणजे नोंदवलेला बदल, काढून देतं, तो चालतो की नाही एवढं सांगायचं. हजार कमिटांतून साधारण दहा पायऱ्यांत गुन्हेगार सापडतो. मला यातली गंमत ही वाटते की कोडची एक ओळही न वाचता हे करता येतं. आमच्या एका वापरकर्त्याने, जो प्रोग्रामर अजिबात नाही, सूचना वाचून स्वतः बायसेक्ट करून कमिटचा क्रमांक पाठवला. त्या दिवशी ज्याचा तो कमिट होता त्याने पहिल्यांदा कुरकुर न करता बग घेतला.

जुन्या आवृत्त्यांचा प्रश्न मात्र सुटण्यासारखा नाही. डेबियन या लिनक्स डिस्ट्रोची, म्हणजे वितरणाची, स्टेबल आवृत्ती साधारण दोन वर्षांनी निघते, आणि दरम्यान तिच्यातली पॅकेजं त्याच आवृत्तीवर थांबलेली असतात, फक्त सुरक्षेच्या आणि गंभीर दुरुस्त्या येतात. यात डेबियनचं काही चुकत नाही; स्थिरता म्हणजे तीच. पण आम्ही वर्षभरापूर्वी मारलेला बग तिथे जिवंत असतो आणि तो वापरणारा आमच्या दारात येतो. “हे दुरुस्त झालंय, नवी आवृत्ती घ्या” हे उत्तर खरं असलं तरी त्याला वाटतं आपल्याला कटवलं. मी आता कोणत्या आवृत्तीत दुरुस्त झालं ते लिहितो आणि त्याच्या डिस्ट्रोच्या बग ट्रॅकरकडे वाट दाखवतो. एवढं लिहायला फार वेळ लागत नाही आणि पुढचा वाद टळतो.

चिडलेल्यांबद्दल. फुकट मिळालेल्या वस्तूवर इतका राग कसा, असं मला सुरुवातीला वाटायचं. पण बहुतेक जण रात्री उशिरा, काम अर्धवट असताना, तीन तासांचं जुळवलेलं गेल्यावर लिहितात. त्या माणसाला आधी “तुमचं काम गेलं, ऑटोसेव्हची फाइल या फोल्डरमध्ये असू शकते, बघा” असं सांगितलं की पुढचा संदेश वेगळ्याच सुरात येतो. सगळ्यांचा नाही. जो तरीही शिव्याच देतो त्याचा रिपोर्ट आम्ही बंद करून कुलूप लावतो, आणि बग खरा असेल तर आमच्याच शब्दांत नवा उघडतो. बगचा त्यात काय दोष?

सुरक्षेचे बग या सगळ्यापेक्षा वेगळे. एकदा एकाने मुद्दाम बिघडवलेल्या सबटायटल फाइलने प्रोग्राम कसा पाडता येतो, ते फाइलसकट सर्वांसमोर टाकलं. हेतू वाईट नव्हता, त्याला दुसरी जागाच माहीत नव्हती, कारण आम्ही ती ठेवलीच नव्हती. आता खासगीत कळवायचा पत्ता प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर आहे. आधी दुरुस्ती, मग नवी आवृत्ती, मग जाहीर तपशील. मधला अवधी गुगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा गटाने रूढ केलेल्या नव्वद दिवसांच्या आत ठेवायचा, असा आमचाही अलिखित नियम.

अलीकडे या खासगी पत्त्यावर यंत्राने लिहिलेले रिपोर्ट येतात. भाषा सफाईदार, रचना नेटकी, धोक्याची पातळी ‘अतिगंभीर’, आणि ज्या फंक्शनमध्ये दोष आहे म्हणतात ते फंक्शन आमच्या कोडमध्ये नसतंच. कर्ल या डेटा आणण्या-पाठवण्याच्या प्रोग्रामचे डॅनिएल स्टेनबर्ग यांनी 2024 च्या सुरुवातीलाच या त्रासाबद्दल जाहीरपणे लिहिलं होतं; त्यांच्याकडे बग शोधणाऱ्याला बक्षीस मिळायचं, त्यामुळे लोंढा मोठा. आमच्याकडे बक्षीस नाही तरी ही स्थिती. हे रिपोर्ट म्हणजे नुसतं निदान, पाहिलेलं शून्य. माझं उत्तर ठरलेलं आहे: ज्या फाइलने क्रॅश होतो ती पाठवा. फाइल कधीच येत नाही.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाचा रिपोर्ट पाहायचा असेल तर 29 मार्च 2024 चा पाहावा. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड दुसरंच काहीतरी मोजत होते, आणि एसएसएचने दूरच्या मशीनवर लॉगिन करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, प्रोसेसर उगाच जास्त राबतोय, हे त्यांना खटकलं. मेमरीच्या चुका शोधणाऱ्या व्हॅलग्रिंडच्या तक्रारीही त्यांना आठवल्या. ते मागे मागे जात फाइल आकुंचित करणाऱ्या एक्सझेडच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत कोणीतरी पेरलेल्या चोरवाटेपर्यंत पोचले. त्यांनी जे जाहीर केलं त्यात काय दिसलं, कसं मोजलं, कुठल्या परिस्थितीत दिसत नाही, हे सगळं वेगवेगळं मांडलेलं होतं, आणि जिथे फक्त अंदाज होता तिथे अंदाज आहे असं म्हटलेलं होतं. नवीन कोणी ट्रायेजला आलं की मी हे वाचायला देतो.

उरला बंद करण्याचा प्रश्न. काही महिने हालचाल नसली की रिपोर्ट आपोआप बंद करणारा बॉट आम्ही लावून पाहिला. मला तो पटला नाही, आणि मी तसं बोलून दाखवलं. बग शांत बसला म्हणून मरत नाही, आणि चांगला रिपोर्ट लिहिणाऱ्याला वर्षभराने यंत्राकडून ‘तुमचा विषय शिळा झाला’ असं कळणं म्हणजे पुढच्या वेळी त्याने लिहू नये याची तजवीज. बॉट काढला. आता ‘माहिती हवी’ असं लेबल लावून महिनाभर वाट बघतो, उत्तर नाही आलं तर हाताने बंद करतो आणि माहिती मिळाली की पुन्हा उघडा असं लिहितो. ज्यात माहिती पुरेशी आहे पण माणूस नाही, ते उघडेच राहतात. यादी लांब दिसते. दिसू दे.

आणि जे करायचंच नाही ते करणार नाही असं लगेच सांगतो. ‘विचार करू’ हे सभ्य वाटतं, पण त्यावर लोक वर्षानुवर्षं वाट पाहत बसतात. एकाला आमच्या प्रोग्राममध्ये व्हिडिओ कापण्या-जोडण्याची सोय हवी होती. बराच अभ्यास करून त्याने मागणी लिहिली होती, आम्ही नको म्हटलं, कारणंही दिली. तो रागावला आणि त्याने स्वतःची वेगळी शाखा काढली. परवाना तेवढ्यासाठीच आहे, आणि त्याची ती सोय खरंच बरी झाली आहे. फक्त मदत मेन्यूतला रिपोर्टचा पत्ता बदलायचा त्याच्याकडून राहून गेला, त्यामुळे व्हिडिओ कापताना क्रॅश होतो असे रिपोर्ट अजूनही आमच्याकडे येतात. बटणाच्या मजकुरात आवृत्ती असते म्हणून कळतं. मी ते तिकडे पाठवून देतो, आणि पत्ता बदलायची आठवण करणारा रिपोर्ट त्याच्या ट्रॅकरवर उघडून ठेवला आहे. त्याला अजून लेबल लागलेलं नाही.